तिसऱ्या वर्गाचा तज्ज्ञ

सकाळी सातला माझा तर्कशास्त्राचा तास असतो. त्या तासाला अगदी मागच्या बाकावर एक विद्यार्थी बसतो. साडेनऊला तो सायकल काढतो आणि बाजारपेठेतील एका भुसार मालाच्या दुकानात हिशेब लिहायला जातो, तो रात्री आठला सुटतो. गेल्या श्रावणात एकदा तास संपल्यावर तो माझ्यामागून जिन्यापर्यंत आला आणि नोकरी करता करता पीएच.डी. होता येते काय, असे त्याने मला विचारले. प्रश्न त्याच्या थोरल्या भावासाठी होता. भाऊ पदार्थविज्ञान घेऊन एम.एस्सी. झालेला, एका कारखान्यात पाळीने काम करणारा. मी म्हटले, होता येते की! आइन्स्टाईन नाही का झाला? आणि मस्टर घेऊन मी प्राध्यापक-कक्षात निघून गेलो.

घरी आल्यावर मात्र मनाला टोचणी लागली. एक तर माझ्या स्वतःच्या प्रबंधाची नोंदणी होऊन पाच वर्षे झाली आहेत आणि दोन प्रकरणांपलीकडे गाडी सरकलेली नाही. दुसरे म्हणजे जे उदाहरण मी एवढ्या ऐटीत दिले ते निव्वळ ऐकीव होते. तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत आइन्स्टाईनची दोन-तीन चरित्रे आणि त्याच्या तरुणपणाची पत्रे काढून बसलो. त्या विद्यार्थ्याला जे उत्तर जिन्यात द्यायला हवे होते, ते आता या अंकातून देत आहे.

आल्बर्ट आइन्स्टाईनचा जन्म १४ मार्च १८७९ रोजी जर्मनीतील उल्म गावी झाला. वडील आणि काका यांचा म्युनिकमध्ये विजेच्या उपकरणांचा कारखाना होता. तो डबघाईस आला आणि १८९४ मध्ये कुटुंब इटलीत गेले. मुलाने शाळा अर्धवट सोडली, झुरिकच्या पॉलिटेक्निकच्या प्रवेशपरीक्षेत पहिल्या खेपेस तो नापास झाला, वर्षभर आराऊच्या शाळेत काढून १८९६ मध्ये त्याला प्रवेश मिळाला. हा भाग सर्वांना ठाऊक आहे. मला सांगायचे आहे ते १९०० सालापासून पुढचे.

त्या वर्षीच्या जुलैत तो पदवी परीक्षा उत्तीर्ण झाला. सहापैकी ४.९१ अशी सरासरी. त्याच्या बरोबरीचे विद्यार्थी तेथेच साहाय्यक म्हणून लागले, याला मात्र कोणी घेतले नाही. वर्गात न बसणे आणि प्राध्यापकांचा मान न राखणे, ही दोन्ही खाती त्याच्या नावावर भरपूर जमा होती. पुढची दोन वर्षे त्याने इतर बेकार पदवीधर काढतात तशीच काढली. जागोजागी अर्ज केले. विंटरथूर येथे काही आठवडे बदली शिक्षक म्हणून काम केले, शाफहाउझेन येथे एका मुलाची शिकवणी केली. १९०२ च्या फेब्रुवारीत बर्न शहरात आल्यावर त्याने स्थानिक पत्रात गणित व पदार्थविज्ञानाच्या शिकवण्यांची जाहिरात दिली. पहिला तास फुकट, असेही त्यात छापले होते. ही जाहिरात वाचून मला तो एकदम आपल्या गावचा वाटू लागला!

डॉक्टरेटचा पहिला प्रयत्न याच काळातला. पॉलिटेक्निकला तेव्हा ती पदवी देण्याचा अधिकारच नव्हता, तो १९०९ मध्ये मिळाला. त्यामुळे तिथल्या मुलांना प्रबंध शेजारच्या झुरिक विद्यापीठाकडे द्यावा लागे. १९०१ च्या नोव्हेंबरात त्याने तेथे प्राध्यापक क्लाइनर यांच्याकडे एक प्रबंध दिला आणि दोन-अडीच महिन्यांनी परत घेतला. विद्यापीठाने शुल्काचे २३० फ्रँक परत केले. पुढे १९०३ च्या जानेवारीत त्याने मिकेले बेसो या मित्राला लिहिलेल्या पत्रात डॉक्टर होण्याचा विचार सोडल्याचे कळवले आहे. त्याने आपला फारसा लाभ नाही आणि त्या साऱ्या नाटकाचा कंटाळा आला आहे, असा त्याचा सूर होता. पाच वर्षांच्या माझ्या नोंदणीत हा सूर मी निदान दहा वेळा लावला असेल, म्हणून हे पत्र वाचताना मी थांबलो. फरक एवढाच की त्याने हे लिहिले तेव्हा त्याचे शास्त्रीय लेखन थांबलेले नव्हते. पदवीचा नाद सोडल्यावरही त्याचे निबंध दरवर्षी छापून येत होते.

तोपर्यंत त्याला नोकरी लागली होती. मार्सेल ग्रोसमान या वर्गमित्राच्या वडिलांनी बर्नच्या पेटंट कचेरीचे संचालक फ्रिडरिश हालर यांच्याकडे शब्द टाकला. वशिला म्हणा हवे तर. २३ जून १९०२ पासून आइन्स्टाईन तेथे तात्पुरत्या नेमणुकीवर रुजू झाला. वार्षिक पगार ३,५०० फ्रँक. आपल्याकडे त्याला पेटंट कचेरीतला कारकून म्हणण्याची पद्धत पडली आहे. ते बरोबर नाही. त्याचे पद होते तांत्रिक तज्ज्ञ, वर्ग तिसरा. कोणी यंत्र शोधून काढल्याचा दावा करणारा अर्ज आला की त्यातील आकृत्या वाचायच्या, यंत्र चालेल की नाही ते पाहायचे, त्यात नवे काय आहे ते हुडकायचे आणि अर्जदाराने लांबण लावून लिहिलेला दावा नेमक्या शब्दांत मांडायचा, असे ते काम होते. हालर यांची शिकवण अशी की, अर्ज हाती घेताना अर्जदाराचे सगळे चुकलेलेच आहे असे धरून चालावे, म्हणजे डोळे उघडे राहतात. तर्कशास्त्र शिकवणाऱ्या मला ही शिकवण फार आवडली. पेटंट कचेरीतल्या कामाने आपल्या विचाराला वळण लागले, असे आइन्स्टाईन म्हातारपणीही मानत असे, त्याचे मूळ यात असावे.

आठवड्याचे सहा दिवस, रोज आठ तास. एका मित्राला लिहिताना त्याने आपल्या दिवसाचा हिशेब मांडला आहे: आठ तास कचेरीचे, त्यावर आठ तास उनाडक्या करायला आणि शिवाय रविवार. कचेरीतले काम लवकर उरकले तर टेबलाच्या खणातून स्वतःचे कागद निघत आणि पावले वाजली की पुन्हा खणात जात. आता खरी अडचण पाहा. त्याला कचेरीतून सवड मिळे तेव्हा ग्रंथालय बंद झालेले असे. ही तक्रार त्याने १९०७ मध्ये एका संपादकाला लिहिलेल्या पत्रात केलेली आहे. नोकरी करून संशोधन करणाऱ्याचा पहिला शत्रू झोप नव्हे, ग्रंथालयाचे वेळापत्रक, हे मी अनुभवाने सांगू शकतो.

चर्चेला मात्र त्याला माणसे मिळाली. शिकवणीची जाहिरात वाचून मोरीस सोलोविन नावाचा विद्यार्थी आला. त्याची फी बाजूला राहिली आणि दोघांची वादावादी सुरू झाली. मग कॉनराड हाबिश्ट येऊन मिळाला. या तिघांनी आपल्या मंडळाला थट्टेने ऑलिंपिया अकादमी असे नाव दिले. संध्याकाळी साध्या फराळावर बसून ते ह्यूम, मिल, माख, स्पिनोझा, प्वांकारे वाचत. मध्येच सर्व्हान्टिसचा दॉन किहोते वाचत. आपल्या कलाशाखेच्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे. ज्याला आपण निव्वळ गणिती समजतो, त्याची संध्याकाळ तत्त्वज्ञानाच्या आणि साहित्याच्या पुस्तकांत जात होती. १९०४ मध्ये मित्र बेसो याच कचेरीत नोकरीला आला. तो तर थेट दुसऱ्या वर्गात! पण घरी जाताना वाटेत बोलायला सोबत झाली, आणि अशा सोबतीची किंमत मोठी असते.

मग १९०५ साल उजाडले. त्या वर्षाची महती गाणारे लेख पुष्कळ झाले आहेत. मला त्यातील एकच गोष्ट न्याहाळायची आहे. मार्चमध्ये त्याने प्रकाशाच्या पुंजांविषयीचा निबंध संपवला, मेमध्ये द्रवात तरंगणाऱ्या कणांच्या हालचालीचा, जूनअखेर सापेक्षतेचा. यांपैकी कोणताही एक निबंध आज एखाद्या विद्यापीठास अभिमानाने मिरवता आला असता. त्याने यांतला एकही डॉक्टरेटसाठी दिला नाही. ३० एप्रिलला पूर्ण करून ठेवलेला चौथाच एक प्रबंध त्याने २० जुलैला झुरिककडे पाठवला. विषय काय, तर रेणूंचा आकार मोजण्याची एक नवी रीत.

पाणी आणि साखरेचा पाक यांच्या वाहण्यातला फरक आपण घरी रोज पाहतो. पाण्यात साखर विरघळली की त्याचा चिकटपणा वाढतो, कारण साखरेचे मोठे रेणू पाण्याच्या वाहण्यात आडवे येतात. चिकटपणा किती वाढला यावरून त्या सगळ्या रेणूंनी मिळून किती जागा अडवली ते काढता येते. दुसऱ्या बाजूने, साखर पाण्यात किती वेगाने पसरते यावरून एकेक रेणू केवढा आणि एकूण किती, यांचा आणखी एक संबंध मिळतो. अज्ञाते दोन, समीकरणेही दोन. लागणारे आकडे इतरांनी पूर्वीच मोजून तक्त्यांत छापलेले होते. प्रयोगशाळा नको, उपकरणे नकोत, रजा नको. कागद, पेन्सिल आणि रात्रीचे दोन तास यांवर भागणारा विषय! त्या काळी माख आणि ओस्टवाल्ड यांच्यासारखे मोठे विद्वान अणू-रेणूंच्या अस्तित्वाबद्दलच साशंक होते, तेव्हा विषय अगदी क्षुल्लकही नव्हता. पण परीक्षकांना पचणारा होता. क्लाइनर हे प्रयोगाचे माणूस. पुंज आणि काळाची सापेक्षता यांवर त्यांची संमती मिळवायची तर किती वर्षे गेली असती कोण जाणे. आपले सर्वांत धाडसी काम विद्यापीठापुढे मंजुरीसाठी ठेवायचे नसते, एवढा व्यवहार त्या सव्वीस वर्षांच्या माणसाला कळत होता. गणित तपासण्याचे काम क्लाइनर यांनी बुर्कहार्ट या गणितज्ञाकडे दिले. त्यांना चूक आढळली नाही. जुलै संपता संपता प्रबंध मान्य झाला.

जेमतेम वीसएक पाने. क्लाइनर यांनी तो फारच लहान आहे म्हणून परत केला, त्याने त्यात एक वाक्य घातले आणि मग तो निमूटपणे स्वीकारला गेला, अशी गोष्ट आइन्स्टाईन पुढे हसत सांगत असे. माझ्या पहिल्या प्रकरणाचीच एकशे चाळीस पाने झाली आहेत! प्रबंध बर्नमध्ये छापला, अर्पण केला ग्रोसमानला. जानेवारी १९०६ मध्ये पदवी हाती आली आणि एप्रिलमध्ये हालर यांनी त्याला दुसऱ्या वर्गात बढती दिली. पगार ४,५०० फ्रँक. बढतीच्या शिफारशीत नव्या पदवीचा उल्लेख होता.

आता प्रबंधाचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. त्यातून एका ग्रॅम-रेणूतील रेणूंची संख्या २.१ गुणिले १० चा तेविसावा घात एवढी येत होती. नवे आकडे घेऊन १९०६ मध्ये तीच संख्या ४.१५ झाली. पण पॅरिसमध्ये पेरँ यांच्या प्रयोगशाळेतील मोजणी सूत्राशी जुळेना. १९११ च्या सुरुवातीस आइन्स्टाईनने लुडविग होप्फ या साहाय्यकाला आपले गणित पुन्हा तपासायला लावले. होप्फला चूक सापडली. चिकटपणाची वाढ अडीच पट धरायला हवी होती. दुरुस्तीनंतर संख्या ६.५६ आली. आजची मान्य संख्या ६.०२२ आहे. म्हणजे दोन परीक्षकांच्या नजरेखालून गेलेल्या, पदवी मिळवून दिलेल्या प्रबंधात सहा वर्षे चूक बसून होती, आणि ती लेखकाने स्वतः खटपट करून काढवली. हाच प्रबंध पुढे कारखान्यांच्या फार कामाचा ठरला. सिमेंटमधली वाळू, दुधातले प्रथिनांचे कण, जेथे जेथे द्रवात कण मिसळलेले असतात तेथे तेथे हे सूत्र लागते. १९६१ ते १९७५ या काळातील शास्त्रीय लेखनाच्या एका मोजणीत असे दिसले की, आइन्स्टाईनच्या सुरुवातीच्या निबंधांपैकी सर्वाधिक उल्लेख या प्रबंधाचे होते, सापेक्षतेचे नव्हेत.

पदवी मिळाली म्हणून कचेरी सुटली असे कोणी समजू नये. डॉक्टर झाल्यावरही तो पावणेचार वर्षे त्याच टेबलाशी होता. १९०७ मध्ये बर्न विद्यापीठात बिनपगारी व्याख्याता होण्यासाठी त्याने आपले सतरा छापील निबंध जोडून अर्ज केला. नियमाप्रमाणे लागणारा स्वतंत्र प्रबंध नाही म्हणून तो अडला. मुकाट्याने तो प्रबंध लिहून दिल्यावर १९०८ च्या फेब्रुवारीत मान्यता मिळाली. व्याख्याने मंगळवारी व शनिवारी सकाळी सात ते आठ, कारण मग कचेरी! श्रोते तीन, तिघेही मित्र, त्यांत बेसो. माझ्या सातच्या तासाला कधी कधी चारच मुले असतात, तेव्हा मी याची आठवण काढतो. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याची बहीण माया हिनेही बर्न विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली, तीही जुन्या फ्रेंच वाङ्मयातील प्रबंधावर. १९०९ च्या ऑक्टोबरात तो झुरिक विद्यापीठात प्राध्यापक म्हणून गेला. पगार कचेरीइतकाच, ४,५०० फ्रँक.

आपल्याकडे याला जवळचे उदाहरण चंद्रशेखर वेंकट रामन यांचे. १९०७ ते १९१७ ते सरकारच्या हिशेब खात्यात अधिकारी होते, कचेरीच्या आधी आणि नंतर कलकत्त्याच्या संशोधनसंस्थेत काम करीत. मधल्या काळात त्यांची रंगूनला आणि आपल्या नागपूरलाही बदली झाली होती. पण त्यांनी डॉक्टरेटसाठी प्रबंध लिहिला नाही. म्हणून विद्यार्थ्याच्या प्रश्नाला आइन्स्टाईनच अधिक लागू.

इथपर्यंतची हकीकत मी एका रात्री जेवणानंतर घरात वाचून दाखवली. बायकोने ऐकून घेतले आणि आठ तास कचेरी, आठ तास उनाडक्या, तर स्वयंपाक कोण करीत होते, असे विचारले. मग मला जे पान मी भरभर उलटले होते तेथे परत जावे लागले.

मिलेवा मारिच ही १८७५ मध्ये आजच्या सर्बियातील तितेल येथे जन्मलेली. १८९६ मध्ये ती आइन्स्टाईनच्याच तुकडीत पॉलिटेक्निकमध्ये दाखल झाली. त्या शाखेत त्या वर्षी आलेली ती एकटीच मुलगी. तिने प्राध्यापक वेबर यांच्याकडे उष्णतेच्या वहनावर काम सुरू केले होते आणि तेच वाढवून डॉक्टरेटचा प्रबंध करावा असा तिचा बेत होता. १९०० च्या परीक्षेत आइन्स्टाईन पास झाला, ती नापास. १९०१ मध्ये पुन्हा बसली तेव्हा तिला दिवस गेलेले होते आणि लग्न झालेले नव्हते. पुन्हा नापास. प्रबंधाचा विचार तिने सोडला, माहेरी गेली, १९०२ च्या सुरुवातीस तेथे मुलगी झाली. या मुलीचा उल्लेख असलेली पत्रे १९८७ मध्ये छापली गेली, तोवर जगाला ती असल्याचेच ठाऊक नव्हते. ६ जानेवारी १९०३ रोजी दोघांचे बर्नमध्ये लग्न झाले. डॉक्टरेट नको असे नवऱ्याने बेसोला कळवले ते याच महिन्यात. १९०४ च्या मेमध्ये मुलगा हान्स आल्बर्ट जन्मला. क्रामगासे या रस्त्यावर ४९ क्रमांकाच्या घरात, दुसऱ्या मजल्यावर हा संसार होता. आज तेथे संग्रहालय आहे. सापेक्षतेचे वर्ष सुरू झाले तेव्हा त्या खोल्यांत आठ महिन्यांचे मूल होते. १९१९ मध्ये दोघांचा घटस्फोट झाला. नोबेल पारितोषिक मिळाले तर ते पैसे मिलेवाचे, असे त्यात ठरले होते आणि ते पाळले गेले. त्याच्या शोधांत तिचा वाटा किती, यावर आता पुष्कळ वाद होतात. त्या वादात मी शिरत नाही. मला एवढेच दिसते की त्या घरात डॉक्टरेट दोन सुरू झाल्या होत्या.

आमच्या कपाटात माझ्या नोंदणीच्या कागदांखाली बायकोची एम.ए. भाग एकची गुणपत्रिका आहे. भाग दोनचा फॉर्म त्या साली भरायचा राहिला, धाकटी तेव्हा पाच महिन्यांची होती. मी वाचताना थांबलो तेव्हा ती काही बोलली नाही, उष्टी काढायला उठली.

राहता राहिले विद्यार्थ्याच्या भावाचे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे नोकरी सांभाळून पीएच.डी. करता येते. मालकाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते, पुरेसा वेळ देऊ असे त्यात लिहून घ्यावे लागते. ठरलेला अभ्यासक्रम पुरा करावा लागतो आणि साधारणपणे सहा वर्षांची मुदत असते. आइन्स्टाईनला यातले काहीच नव्हते, तेव्हा तुलना सांभाळूनच करावी. त्या भावाला मी एका रविवारी घरी बोलावले. तो आला, चहा झाला. कारखान्यात रंगाचा दाटपणा मोजण्याचे काम करतो म्हणाला, ते ऐकून मला साखरेच्या पाण्याची हकीकत सांगायचा मोह आवरला नाही. मार्गदर्शक कोण, विषय कोणता, हे विचारण्यापूर्वी मी घरी कोण कोण असते ते विचारले. तो जरा गोंधळला. आई असते म्हणाला, दोन वर्षांचा मुलगा आहे, आणि बायको आहे, तीही बी.एस्सी. झालेली आहे, संध्याकाळी शिकवण्या घेते.